उजवा बॉक्स मुका

हनुमंतानं घरात डॅक आणला तेव्हा खुटबावातल्या निम्म्या लोकांनी विचारलं, "ह्यावर पिच्चर दिसतो का?" दिसत नाही म्हटल्यावर "मग कशाला आणला?" म्हणून लोक आपापल्या वाटेनं गेले. त्यांचंही काय चुकलं म्हणा! काडेपेटीहून थोडी मोठी काळी डबी, पुढं एक दिवा, मागं तीन भोकं. लॅपटॉपात गाणं नुसतं आकड्यांत पडलेलं असतं. त्या आकड्यांचा स्वच्छ आवाज करून ही डबी अँप्लिफायरला देते, एवढंच तिचं काम. पण हनुमंताला गाणी ऐकायची हौस नव्हती. त्याला सासरा घरात आणायचा होता.

सासरा म्हणजे केंदूरचा सावळाराम. त्याची लेक सुषमा हनुमंताला दिलेली. सावळाराम आणि हनुमंताचा बाप हरिबा दोघं एकाच मेळातले. मेंढरांमागं हिंडता हिंडता धनगरी ओव्या शिकले. पुढं मेंढरं गेली, शेती आली, ओव्या तेवढ्या राहिल्या. हरिबा पुढं म्हणायचा आणि सावळाराम मागं झील धरायचा, म्हणजे हरिबानं टाकलेली ओळ उचलून घोळवायचा. ह्या जोडीनं आसपासच्या जत्रा गाजवल्या आणि त्या नादात दोघं व्याहीसुद्धा झाले.

मग एका जत्रेत, भर स्पर्धेत, ओवी मधेच फाटली. मानाचं घोंगडं दुसऱ्याच मेळानं नेलं. हरिबा मंडपातच गरजला, "ह्या सावळ्यानं झील सोडली!" सावळाराम एक शब्द बोलला नाही. काठी उचलली आणि केंदूर गाठलं. त्याला दहा-बारा वर्षं झाली, गडी लेकीच्या दारात फिरकला नव्हता. नातू बघायचा तर तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात, भाजीच्या टेम्पोमागं उभा राहून, चोरासारखा बघायचा. सुषमा ह्यावर कधी भांडली नाही. ती भांडी आपटायची.

त्या जत्रेचं रेकॉर्डिंग परवा मंडपवाल्याकडं सापडलं. हनुमंतानं ते मोबाईलवर लावलं तर नुसता चिवचिवाट. कोण हरिबा, कोण सावळाराम, देवाला ठाऊक! "चिमण्या भांडत्यात," हरिबा म्हणाला. पण मंडपवाल्यानं सांगितलं की हरिबाचा माइक डाव्या अंगाला धरलाय आणि झीलकऱ्याचा उजव्या. चांगलं मशीन लावा, दोघं स्पीकरच्या दोन बॉक्समधून निरनिराळे निघतील. म्हणून हा डॅक. हनुमंतानं दोन्ही म्हाताऱ्यांकडून वदवून घेतलं: रविवारी बसून ऐकायचं आणि चुकला असंल त्यानं दुसऱ्यापुढं वाकायचं.

आता नवी वस्तू पूजेशिवाय चालू होऊ देईल तर ती वच्छलाबाई कसली! हनुमंताची ही आई विहिरीवरच्या मोटारीला ओवाळल्याशिवाय बटण दाबू देत नाही. शनिवारी तिनं डबी पाटावर ठेवली, नारळ फोडला, "येळकोट येळकोट जय मल्हार" म्हणत भंडारा उधळला आणि मागं जेवढी तोंडं दिसली तेवढ्यांना ओल्या हळदीचं बोट लावलं. त्यातलं लाल कड्याचं भोक तिला फारच गोजिरं वाटलं. तिथं जरा जास्तच.

रविवारी सावळाराम आला खरा, पण उंबरा ओलांडेना. बाहेर ओट्यावरच बसला.

"आप्पा, पाणी तरी घ्या," सुषमा म्हणाली.

"आधी निकाल," सावळाराम म्हणाला.

हनुमंतानं डबी फडक्यानं वरवर पुसली आणि वायरी जोडल्या. एक लॅपटॉपला, पांढरी-लाल जोडी अँप्लिफायरला. ओवी लावली तर आवाज आला लॅपटॉपच्याच पोटातून, तोच चिवचिवाट.

"ह्याच्यासाठी येवढं खटलं मांडलं व्हय?" हरिबा म्हणाला.

हनुमंतानं अँप्लिफायरचं बटण शेवटपर्यंत पिळून बघितलं. मग त्याला आठवलं, आवाज कुठून काढायचा हे कॉम्प्युटरला सांगावं लागतं, त्याला आपणहून कळत नाही. त्यानं सेटिंगमध्ये जाऊन डॅकचं नाव निवडलं. आणि ढोल असा घुमला की ओट्यावरचा सावळाराम ताठ बसला. पाठोपाठ हरिबाचा आवाज, खणखणीत, घरभर.

"ह्यो मी हाय?" हरिबा स्वतःवरच खूश होऊन म्हणाला. "काय गळा व्हता गड्या!"

ओवी चढत गेली आणि मधेच थांबली. नुसता ढोल वाजत राहिला. हरिबा ताडकन उठला. "हितं! हितं मी झिलीला जागा दिली आन् ह्यो बसला गप! ऐका, मागं चिटपाखरू न्हाई. कुठंच न्हाई!"

खरंच, कुठंच नव्हतं. सावळारामानं काठी उचलली. "येतो पोरी," म्हणाला, पण लेकीकडं बघितलं नाही. सासऱ्याला आणायला म्हणून मशीन आणलं आणि त्याच मशीननं सासरा कायमचा घालवला. हनुमंताला ती डबी उचलून उसात भिरकावावीशी वाटली.

"थांबा आप्पा!" सुषमानं पदर खोचला आणि ती हरिबापुढं उभी राहिली. आजवर भांड्यांवर काढलेलं सगळं तोंडातून बाहेर पडलं. "कुठंच न्हाई म्हंजी वो, मामा? सबंध ओवीत माझा बाप तोंड मिटून उभा व्हता? मग जत्रा काय आंधळी-बहिरी व्हती?" ती तरातरा गेली आणि तिनं उजव्या बॉक्सला कान लावला. "ह्यो बॉक्स मुका हाय!"

हनुमंतानं अँप्लिफायर बंद केला आणि उजव्या बॉक्सची लाल वायर डबीतून उपसली. पिन पिवळीधमक!

"आये!"

"काय झालं? देवाचं हाय ते."

"देवाचं हाय म्हणून त्याच्या कानात भरायचं व्हय?"

काडेपेटीची काडी टोकदार करून, स्पिरिटमध्ये बुडवून त्यानं वाळलेली हळद कोरून काढली. निघालेली हळद वच्छलाबाईनं वाया जाऊ दिली नाही, लेकाच्याच कपाळाला फासली. वायर पुन्हा बसली आणि ओवी पहिल्यापासून सुरू झाली.

आता दोघं होते. डावीकडून हरिबा आणि उजवीकडून सावळाराम, एकही जागा न सोडणारा. मग ती फाटलेली जागा आली. डावा बॉक्स गप्प झाला. उजवीकडून सावळाराम हळूच बोलला, पुढची ओळ. डावीकडं ढिम्म. त्यानं तीच ओळ जरा मोठ्यानं दिली. तरी ढिम्म. मग त्यानं ती हरिबाच्या जागेवर स्वतःच गाऊन टाकली, तेव्हा कुठं हरिबानं पुढचं धरलं.

"अगं बाई! ह्यो इसरला व्हता की!" वच्छलाबाई म्हणाली. नवऱ्याची अब्रू झाकावी हे तिच्या गावीच नव्हतं.

"परत लाव," हरिबा म्हणाला. हनुमंतानं परत लावली. हरिबा परत विसरला.

"आनिक एकदा."

आणखी एकदा लावली. मशीनला कुणाची भीड नसते.

"सावळ्या," हरिबा शेवटी म्हणाला, "तवाच का बोलला न्हाईस रं?"

सावळारामानं बाहेरूनच उत्तर दिलं. "एक ओळ दिली तर येवढी वर्षं शिव्या घातल्यास. तू इसरलास हे बी सांगितलं असतं तर काय घातलं असतंस?"

हरिबानं विचार केला. खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. "शिव्याच," तो म्हणाला.

मग तो उठला आणि ओट्यावर गेला. पोराचा बाप पोरीच्या बापाच्या पाया पडलेला उभ्या खुटबावानं कधी पाहिला नव्हता. हरिबा भर दुपारी, सुनेच्या देखत, खाली वाकला. वाकला तो वाकलाच, गुडघे काही वर येऊ देईनात.

"मर की मेल्या," म्हणत सावळारामानं त्याच्या काखेत हात घातला, त्याला उभं केलं आणि धरून धरून घरात आणून बसवलं. स्वतःही त्याच्याशेजारी टेकला. दोघांनाही कळलं नाही, पण सुषमानं पाहिलं. बाप उंबऱ्याच्या आत आला होता. ती भिंतीला धरून ढसाढसा रडली.