चपलांमागचा शब्द

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. जिन्याच्या तोंडाशी माझा मुक्काम. रंगाऱ्याने माझ्यावर लिहिलं, 'हाडे, सांधे व ओटीपोट यांचे व्यायामोपचार, पहिला मजला'. अक्षर इतकं टपोरं, की तो स्वतःच मागे सरून बघत राहिला. मला फार अभिमान वाटला.

शेजारच्या चपलांच्या दुकानदाराला मात्र 'ओटीपोट' खटकलं. "असलं रस्त्यावर लिहितात का?" म्हणत त्याने नेमका त्याच शब्दावर खिळा ठोकला आणि चपला लटकवल्या. वरच्या फिजिओथेरपिस्ट बाई त्या काढायच्या, हा पुन्हा लटकवायचा. शेवटी त्या कंटाळल्या. मी हाडा-सांध्यांपुरतीच उरले.

समोरच्या शाळेत खेळाच्या बाई होत्या. दुसऱ्या बाळंतपणात ओटीपोटाचे स्नायू सैल पडले, तेव्हापासून त्या हसल्या, शिंकल्या, की लघवीचे थेंब सुटत. उड्या मारणं तर बंदच झालं होतं. कोणी विचारलं, तर "कंबर धरलीय" म्हणून वेळ मारून नेत. उपचारासाठी लांबलांब चौकशा करत आणि रोज माझ्यासमोरून जात. माझा जीव तळमळे, पण पाटीला तोंड कुठे असतं?

एकदा त्या नणंदेचा गुडघा दाखवायला आल्या. पायरीशी दोघी दम खात थांबल्या.

"वहिनी, तूही दाखव की तुझी कंबर."

"राहू द्या हो ताई. मी नोकरीच सोडतेय. उद्या शाळेत सांगणार आहे."

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाने नेमक्या माझ्यावरच्या चपला मागितल्या. दुकानदाराने त्या काढल्या. बाईंनी मला वाचलं, मग जवळ येऊन पुन्हा वाचलं.

"ताई, माझी कंबर नाही दुखत," त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं. "माझं दुखणं हे आहे."

"मग आधी तुला दाखवू. माझा गुडघा काही पळून जात नाही!"

व्यायामाला बरेच महिने लागले. पण एका सकाळी शाळेच्या मैदानात बाई मुलांबरोबर दोरीवरच्या उड्या मारत होत्या आणि खो खो हसतही होत्या. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! दुकानदार नेहमीसारखा चपला लटकवायला आला. गल्ल्यावर बसलेली त्याची बायको मैदानाकडे बघत होती.

"लटकवू नका आता," ती म्हणाली. "मलाही वर जायचंय."

त्याने चपला खाली ठेवल्या आणि खिळा उपटला.

मित्रांनो, त्या भोकाभोवती आता गंज चढतोय. जमलं तर मला पुसा, रंग द्या. नाही जमलं तरी चालेल, पण माझ्यावर काही लटकवू नका. झाकलेला शब्द शोधत कोणीतरी रोज इथून जात असतं.