नऊ नंबरचा कोनाडा

"सतरा," मयुरी मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी नकाशा फिरवून धरला आणि म्हणाल्या, "उलटे मोजले तरी सतराच."

नकाशात अठरा होते. सातझरीचा बोगदा सहाशे चाळीस मीटर लांब. गाडी आली की लाइनवरच्या माणसाला अंग चोरून उभं राहता यावं म्हणून त्याच्या दोन्ही भिंतींत, जोडीजोडीने जवळजवळ समोरासमोर, डावीकडे विषम नंबरचे आणि उजवीकडे सम, अठरा कोनाडे. एकोणीस वर्षं बंद पडलेला हा बोगदा आता चंद्रपूर शटलसाठी उघडत होता. गडचिरोलीकडच्या गावांतली माणसं सकाळी भरायची, चंद्रपूरला आणि ऊर्जानगरला कामावर सोडायची, संध्याकाळी परत आणायची. मधल्या काळात बोगद्यातले रूळ गेले, स्लीपर गेले, दिवे गेले, ते सगळं नवीन आणून टाकलं. पण कोनाडा कोण चोरून नेईल, हे मॅडमना समजेना. त्या सत्तावीस वर्षांच्या इंजिनीअर होत्या. चोरीचा त्यांचा अभ्यास फक्त पुस्तकी होता.

"तुमी बाहेर बसा मॅडम," सत्यशीला म्हणाली. "डोक्यावर वटवाघूळ बसलं हाय तुमच्या."

मॅडम बाहेर गेल्या. चालत नाही गेल्या.

सत्यशीला मेश्राम, वय पंचावन्न, कागदावर ट्रॅकमेंटेनर. गँगच्या भाषेत चाबीवाली. खांद्यावर हातोडा टाकून रोज लाइन पायी तुडवायची आणि रूळ धरून ठेवणारी क्लिप ढिली झाली असेल तर ठोकून बसवायची, हे तिचं काम. तिच्या आधी हेच काम तिचा नवरा अंकुश करत होता. एकवीस वर्षांपूर्वी याच बोगद्यात बांबूच्या मालगाडीखाली तो गेला. चौकशीत गँगच्या मेटने, म्हणजे मुकादम हरिदासने, बयाण दिलं: मयत दारू पिऊन लाइनवर पडला होता. अंगाला मोहाच्या दारूचा घमघमाट होता, हे खरंच होतं. त्या एका ओळीपायी नवऱ्याच्या जागी नोकरी मिळायला सत्यशीलेला सहा वर्षं लागली. तोवर बोगदा बंद झालेला. त्यामुळे नवरा जिथं मेला ती जागा ती या महिन्यात पहिल्यांदा पाहत होती.

अंकुश खोकल्याचं औषध पाजलं तरी ओकायचा. हे तिने सहा वर्षं सहा साहेबांना सांगितलं. एका साहेबाने विचारलं, "कोणतं औषध?" बाकीच्यांनी तेवढंही नाही.

"लच्छूभाऊ," ती म्हणाली, "डाव्या बाजूले सातच्या मंग एकदम अकरा कसा आला? नऊ कुठी गेला?"

लच्छू गँगमधला सर्वांत जुना माणूस. अंकुशला स्ट्रेचरवर घालणाऱ्यांपैकी एक. त्याने छताकडे पाहिलं. "मले काय मालूम. नऊले नसन पटलं इथी."

सत्यशीलेने हातोडा उचलला आणि भिंत वाजवत निघाली. ठक, ठक, ठक. एका जागी ठक झालं नाही, ढप झालं. चुन्याखाली विटा होत्या. दगडी बोगद्यात विटा म्हणजे धोतरावर टाय. चार घावांत भिंत आत गेली.

आत दारूचे कॅन होते. वीस-वीस लिटरचे, पांढरे, एकावर एक रचलेले, सोळा. दोन माणसं आरामात उभी राहतील असा तो कोनाडा गच्च भरला होता, आणि प्रत्येक कॅनवर निळ्या ऑइलपेंटने, वळणदार अक्षरात, लिहिलं होतं: हरिदास मेट, गँग ७.

यात नवल काहीच नव्हतं. रेल्वेच्या गँगमध्ये ज्या वस्तूवर नाव नाही ती वस्तू दुसऱ्या गँगची. फावडं, घमेलं, सब्बल, पाण्याचा मटका, सगळ्यावर नाव टाकायचं. हरिदास त्यातला पुढचा होता. त्याने स्वतःच्या बकरीवरही नाव टाकलं होतं, आणि बकरी व्याल्यावर पिल्लांवर. गडचिरोलीत दारूबंदी. तिकडे पोचवायचा माल बोगद्यात ठेवायचा, तर तो दुसऱ्या कोणत्या गँगने नेऊ नये म्हणून माणूस काय करणार?

पुढचे दोन कॅन फुटलेले होते. तिसऱ्याला पोचा पडला होता, खांद्याएवढा. सत्यशीलेने त्यात हात ठेवला. मग मूठ वळून ठेवली. मग काढून घेतला.

"शिरला होता तो," ती म्हणाली. "जागाच नोती."

लच्छू खाली बसला. "शर्टाले वास होता बाई," तो म्हणाला. "तोंडाले नोता. मी उचलला ना त्याले. तोंड माह्या इथीच होतं." त्याने स्वतःच्या गळ्यापाशी बोट लावलं.

"एकवीस वर्सं काऊन नाई सांगतलं?"

"मेट होता तो माहा."

सत्यशीलेने त्याच्याकडे पाहिलं. हातोडा तिच्या हातातच होता. लच्छूने तेवढ्यात आयुष्याचा हिशेब केला असावा. पण ती फक्त म्हणाली, "ताडपत्री आन. हिरवी."

बाहेर येऊन तिने मॅडमना सांगितलं, "भेटला अठरावा. मातीनं भरला हाय. साफ करून देते."

मॅडमनी नकाशावर बरोबरची खूण केली. इतक्या आनंदाने, की सत्यशीलेला थोडी शरम वाटली. थोडीच.

दोन दिवसांनी हरिदास स्वतःच आला. रिटायर होऊन बारा वर्षं झालेली, पोट पुढे, पांढरी टोपी. गँग सातची एक रीत होती: दुरुस्तीनंतर बोगद्यातून पहिलं इंजिन जाण्याआधी सर्वांत जुन्या मेटने त्या तोंडापासून या तोंडापर्यंत पायी चालायचं, प्रत्येक कोनाड्यात उदबत्ती लावायची, मागून इंजिन. मॅडमना ही रीत फार आवडली होती. त्यांनी पत्रिकेत छापली, खाली हरिदासचं नाव, मागे 'श्री'.

"कोनाडे किती निगाले गा, सत्यशीला?" हरिदासने सहज विचारलं. फार सहज.

"सतरा, भाऊ."

"सतराच होते." त्याने टोपी काढून डोकं पुसलं. डोक्याला घाम बराच होता. मग धीर आला तसा तो मायेने म्हणाला, "इथी आलो का अंकुशची याद येते पाय. देवमाणूस होता. पेत होता, तेवढंच एक."

सत्यशीलेने त्याला चहा दिला. स्वतःच्या हाताने, दोन चमचे साखर जास्त घालून. लच्छू नंतर म्हणाला, "काऊन दिला चहा त्याले?"

"त्या दिवशी धावायची ताकद पाह्यजे ना त्याले," ती म्हणाली.

समारंभाच्या सकाळी चंद्रपूरकडच्या तोंडाशी मंडप, लाल गालिचा, बँडवाले. मोठे साहेब, छोटे साहेब, आणि शटलने रोज जाणारे म्हणून दाखवायला आणलेली वीस माणसं, ज्यांतली आठ रोज मोटरसायकलने जायची. गडचिरोलीकडच्या तोंडाशी इंजिन. बोगद्यात फेटा बांधलेला हरिदास, हातात उदबत्त्यांचा पुडा, आणि ड्युटीवरची चाबीवाली म्हणून सत्यशीला. वॉकी-टॉकी तिच्याकडे. लाइन मोकळी आहे असं ती सांगणार, मग इंजिन निघणार. ताशी दहा किलोमीटर. एवढ्या वेगाच्या इंजिनाखाली मरायला माणसाला वेळ काढून यावं लागतं. हे तिला माहीत होतं. हरिदासला कोणी सांगितलं नव्हतं.

आठ नंबरच्या कोनाड्यात उदबत्ती लावून तो पुढे ताडपत्रीपाशी पोचतो तोच तिने बटण दाबलं. "ऑल राइट. येऊ द्या."

"अवं, थांब ना!" हरिदास म्हणाला. "आदी बाहेर तं निगू दे."

मागे शिटी झाली. बोगद्यात शिटी कानात जात नाही, दातांत जाते. रूळ थरथरू लागले.

"शिरा भाऊ, शिरा! तो पाहा कोनाडा, ताडपत्रीमांगं!" असं म्हणून ती समोरच्या, चार पावलांवरच्या दहा नंबरमध्ये जाऊन उभी राहिली. पाठ टेकून, आरामात.

हरिदासने ताडपत्री ओढली. इंजिनाच्या दिव्याचा उजेड वळणावरून पहिल्यांदा आला तो नेमका तिथे पडला. सोळा वेळा स्वतःचं नाव वाचायला त्याला फार वेळ लागला नाही.

तो खांदा लावून घुसायला लागला. पुढच्या कॅनने त्याला परत ढकललं. त्याने एक कॅन ओढून काढला. मागे दुसरा होता.

"जागा नाई इथी!" तो ओरडला.

"नसतेच तिथी," सत्यशीला म्हणाली. "मले मालूम हाय. माह्या घरच्या माणसानं पाह्यली ना."

"तिकडं येऊ दे मले! सत्यशीला! बाई! दोघं मावतो आपण!"

"मावतो. दोन माणसांचाच असते कोनाडा. अंकुश पेला होता का?"

"आता काय विचारतं वं!"

"मंग केव्हा विचारू? पेला होता का?"

उजेड सगळ्या भिंतीवर पसरला. हरिदासच्या फेट्याचं शेपूट सुटून गळ्यात आलं होतं.

"नाई! नाई पेला होता! मालगाडी आली, तो शिरला, शिरता नाई आलं त्याले! माहा माल होता! मंग मीनंच विटा लावल्या! झालं? पेला नोता तो!"

सत्यशीलेचा अंगठा वॉकी-टॉकीच्या बटणावर होता. सगळा वेळ होता. मंडपात मयुरी मॅडमनी, पाहुण्यांना बोगद्यातलं ऐकू यावं म्हणून, आपला वॉकी-टॉकी माइकसमोर धरून ठेवला होता. मॅडम आधुनिक पिढीच्या होत्या.

"या," सत्यशीला म्हणाली आणि सरकून जागा केली.

पण हरिदास आता ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. तो वळला आणि धावला. समोर तीनशे मीटरवर बोगद्याचं तोंड, पांढरं, रुपयाएवढं. तो त्याच्या दिशेने धावला, मागून दहाच्या वेगाने इंजिन, ड्रायव्हर शिट्टी मारमारून त्याला बाजूला व्हायला सांगतोय, आणि शिट्टी झाली की हा आणखी जोरात. वाटेत आठ कोनाडे आले. आठही रिकामे, चुना मारलेले. त्याला एकही दिसला नाही.

तो बाहेर आला तेव्हा बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. त्यांना तेवढंच सांगितलेलं होतं: मेट बाहेर आला की वाजवा. मागून फुलांचं इंजिन आलं. वीस प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मात्र वाजवल्या नाहीत. हरिदासच्या दोन्ही हातांत, छातीशी लेकरासारखा धरलेला, वीस लिटरचा कॅन होता. तो खाली ठेवायचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

बंदोबस्तावरचा शिपाई लोकेश पुढे झाला. झाकण उघडून हुंगला. एकवीस वर्षांची मोहाची. त्याच्या डोळ्यांत आदर दाटून आला.

"भाऊ, हा काय माल हाय?"

"माहा नाई," हरिदास धापा टाकत म्हणाला.

लोकेशने कॅन फिरवून वाचला. "अक्षर लय सुंदर हाय तुमचं."

पुढचे काही दिवस दोन पोलीस ठाणी टेप घेऊन बोगद्यात फिरली. जिल्ह्याची हद्द डोंगरावरून जाते. ती बोगद्यात नेमकी कुठं उतरते हे कोणीच ठरवलं नव्हतं. शेवटी कोनाडा बावीस पावलं गडचिरोलीत निघाला आणि हरिदासवर दारूबंदीचा गुन्हा लागला. अंकुशच्या मरणाचा नाही. त्यासाठी जुनी फाइल हवी होती, आणि फाइल वाळवीने खाल्ली होती. ऑफिसमधल्या बाबूने हे सत्यशीलेला गोड बातमीसारखं सांगितलं. "फाइलच नाही, म्हणजे बाई, तुमच्या मिस्टरांवरचा ठपकाही नाही. गेला सगळा वाळवीच्या पोटात."

"मंग तो मेला कसा, ते लिवून द्या."

"ते लिहायला फाइल लागेल ना."

ती उठून आली. शेवटी मयुरी मॅडमनी लिहिलं. बोगद्याच्या तपासणी-रजिस्टरात, अठरा कोनाड्यांच्या तक्त्यात, नऊ नंबरसमोर 'शेरा' नावाचा अरुंद रकाना होता. त्यात मावेल अशा बारीक अक्षरात: कोनाडा दारूच्या कॅननी भरलेला असल्याने कर्मचारी अंकुश मेश्राम मृत. शुद्धीत होता. खाली सही, तारीख.

"चालेल?" त्यांनी विचारलं.

सत्यशीलेने दोनदा वाचलं. "चालते," ती म्हणाली.

शटल सुरू झाली त्या सोमवारी तिला पहाटे जाग आली. एकवीस वर्षं ती उठल्या-उठल्या चूल पेटायच्या आधी हरिदासचा उद्धार करायची, मोठ्याने, ठरलेल्या क्रमाने, त्याच्या आज्यापासून. त्या सकाळी तिने तोंड उघडलं, आणि काही आलंच नाही. चहा लवकर झाला.

सहा पन्नासला ती बोगद्यात होती. शिटी ऐकून नऊ नंबरमध्ये उभी राहिली. चुना नवा होता, पाठीला लागत होता. गाडी आली. खिडक्यांमागून खिडक्या गेल्या: डबा मांडीवर घेतलेली नर्स, झोपलेला गार्ड, केस विंचरणारी एक पोरगी. वाऱ्याने पदर ओढला, तिने तो धरून ठेवला आणि मनात मोजत राहिली. अकरा. अकरा आकडे मोजेपर्यंत गाडी निघून गेली होती.

कोनाड्यात एवढाच वेळ उभं राहावं लागतं, हे तिला माहीत नव्हतं.

शेवटचा लाल दिवा बोगद्याबाहेर गेला. ती रुळात उतरली. तीन पावलांवर एक क्लिप ढिली दिसली. तिने हातोडा खांद्यावरून काढला.