सहा शेजाऱ्यांचं पाणी

सून माझ्याच धंद्यात पडलेली, ही आमच्या घरातली जुनी थट्टा. मुलगा म्हणतो, "आई, तू सून नाही शोधलीस, वारस शोधलास." स्फटिकांवर क्ष-किरण टाकून आतले अणू कुठे बसलेत ते काढायचं, हे आमचं दोघींचं काम. मी निवृत्त झाले, ती भरात आहे.

परवा ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. मूल झाल्यावर मोठा खंड पडला, त्यानंतरचा हा तिचा पहिला शोधनिबंध. लेखकांच्या यादीत पहिलं नाव तिचं. नियतकालिकाचा खास अंक त्याच संध्याकाळी बंद होणार होता आणि निबंध दारातच अडला होता. हल्ली माणसाच्या हाती पडण्याआधी एक प्रोग्रॅम सगळी आकडेवारी तपासतो आणि शंका काढतो. गंभीर शंकेपुढे 'अ' लिहितो. तो अ घालवा, नाहीतर खुलासा लिहा, मगच पुढे.

"काय म्हणतोय?" मी विचारलं.

"म्हणतोय, तुमच्या पाण्याला हायड्रोजन नाहीत. स्फटिकात पाण्याचा एक रेणू आहे ना, त्याचा ऑक्सिजन दिसतो, हायड्रोजन दिसत नाहीत."

"मग बसव हिशेबाने."

"बसवले. तर म्हणे, शेजारच्या अणूंना धडकतायत. फिरवले, तर पलीकडच्याला धडकले. आई, मला एक सासू कमी होती का?"

"मी निदान चहा तरी देते," म्हणत मी कप पुढे सरकवला.

आमच्या वेळी हे काम संपादकांच्या कचेरीतले एक गृहस्थ करायचे. त्यांना आम्ही लाल पेन्सिलवाले काका म्हणायचो. आम्ही हाताने काढलेली अणूंमधली अंतरं ते पुन्हा काढून बघायचे आणि फोन करायचे, "बाई, तुमच्या या दोन अणूंना श्वास घ्यायला जागा आहे का?" कधी आवाज चढवला नाही त्यांनी. पण फोन ठेवला की आम्ही निमूटपणे पहिल्यापासून हिशेबाला बसायचो.

सून टाइप करत होती. "स्फटिक हलक्या प्रतीचा असल्याने हायड्रोजन सापडले नाहीत. झालं. लॅबमध्ये सगळे हेच वाक्य चिकटवतात."

"होता का हलका?"

"छे हो! काचेसारखा लख्ख होता." तिचा हात थबकला. "पण वेळ कुठाय?"

"धडकतायत तरी कोणाकोणाला?"

ती बोटाने पडद्यावर मोजू लागली. "हा एक, हा... सहा. सहाही ऑक्सिजन." मग ती पडद्याजवळ सरकली. "पाण्याला इतके शेजारी? आणि तेही इतके खेटून?"

मीही चष्मा पुसून वाकले, पण मला काही उमगायच्या आत ती किंचाळली, "आई, हे पाणी नाहीच! सोडियम आहे! त्यालाच असे सहा ऑक्सिजन खेटून लागतात!"

क्ष-किरणांना ऑक्सिजन आणि सोडियम भावाभावांसारखे दिसतात, पटकन फरक कळत नाही. स्फटिक बनवण्याआधी पदार्थ शेवटचा धुताना तिने खाण्याचा सोडा वापरला होता, तिथूनच हा पाहुणा आत शिरला होता.

आनंद क्षणभरच टिकला. निबंध होता नव्या आम्लावर. आम्लाच्या हायड्रोजनची जागा सोडियमने घेतली असेल तर ते आम्ल नव्हेच, त्याचा क्षार झाला. आणि तिचे सर वर्षभर गावोगाव त्या आम्लावर व्याख्यानं देत होते. चिकटवायचं वाक्य पडद्यावर तयार होतं. एक बटण दाबलं की निबंध आत.

"सर मला कच्चं खातील."

"खाऊ देत. आधी फोन तर कर."

तिने वाक्य पुसलं, मगच फोन लावला. स्पीकर चालू करून सोडियमचं सगळं एका दमात सांगून टाकलं.

"अहो, तरीच!" सर एकदम हसत सुटले. "हे पाण्यात साखरेसारखं विरघळतं कसं, असं जो तो विचारायचा आणि मी काहीबाही ठोकून द्यायचो! क्षार असेल तर विरघळणारच! बदला नाव. आजच पाठवता येतंय का बघा."

तिने पाण्याच्या जागी सोडियम बसवलं, आम्लावर उगाच चढवलेला हायड्रोजन उतरवला, गणित पुन्हा चालवलं. मोजमाप आणि गणित यांतल्या त्रुटीचा आकडा धाडकन खाली आला. निबंधाचं शीर्षक बदललं, चार परिच्छेद पुन्हा लिहिले. मी नातवाला घेऊन खालच्या बागेत जाऊन आले, तरी ती लिहीतच होती.

प्रोग्रॅमचं उत्तर आलं. अ गायब.

"एवढंच म्हणतोय, स्फटिकाचा रंग लिहायचा राहिलाय."

"मग लिही की बाई!"

तिने 'रंगहीन' लिहिलं, बटण दाबलं, आणि निबंध पोचल्याची पावती आली. पहिलं नाव तिचंच. तिने मला धरून टेबलाभोवती अशी गिरकी मारली की नातू घाबरून आधी रडला आणि मग, आम्ही थांबत नाही असं बघून, आमच्यामागे पळू लागला.