पुलापलीकडचं बारदान

मोंबासा बंदरापासून आत, लोंगोरी गावात गोऱ्या शेतकऱ्यांचं साप्ताहिक गुरुवारी निघायचं. तिसऱ्या पानावर, अगदी तळाशी, मोंघीबेनच्या दुकानाची जाहिरात ठरलेली असायची: मीठ, साखर, रॉकेल, नांगराचे फाळ. नवरा जीवराज होता तेव्हापासूनची ती जाहिरात. तो गेला तरी तिनं ती बंद केली नाही. नाव छापलेलं दिसल्याशिवाय गोरा माणूस दाराशी गाडी थांबवत नाही, असं तिचं पक्कं मत होतं.

त्या गुरुवारी तिचा दीर वालजी पेपर घेऊन आला तो तोंड पाडूनच.

"भाभी, आज आपण पहिल्या पानावर आहोत."

"पहिल्या पानाचे पैसे मी कुठं दिले?"

"दुसऱ्यानं दिलेत."

शेतकरी भांडाराची, म्हणजे गोऱ्या मळेवाल्यांच्या सहकारी दुकानाची, अर्ध्या पानाची जाहिरात होती. वालजीनं अडखळत वाचली. 'पुलापलीकडच्या दुकानात प्लेगचे उंदीर सापडल्याचं कळतं. आपल्या लेकरांच्या तोंडात काय जातंय ते पाहा. आपल्या माणसांकडूनच घ्या.' नाव कुणाचं नव्हतं. पण पुलापलीकडे दुकान एकच होतं.

मोंघीबेननं तराजू ठेवला, पदर सावरला आणि तडक छापखाना गाठला.

संपादक पिल्बीम खुर्चीतून उठलासुद्धा नाही. समोर भांडाराचा व्यवस्थापक कॅप्टन ट्रेंबाथ पाइप ओढत बसला होता.

"माझे पैसे घेता आणि मलाच उंदीरवाली म्हणता?" तिनं विचारलं.

"मी कुठं म्हणालो? जाहिरात म्हणजे भाड्याची भिंत, बाई. कोण काय लिहितो त्याला मी काय करू?"

"मग मलाही भाड्यानं द्या. पुढच्या गुरुवारी अर्धं पान. लिहा, हा माणूस खोटारडा आहे."

ट्रेंबाथ हसला. "जागा नाही म्हणून सांग तिला, पिल्बीम."

"जागा नाही," पिल्बीम म्हणाला.

"तळाची माझी आहे ना, तीही ठेवा तुमच्या बापाच्या फोटोला!" असं म्हणून ती बाहेर पडली.

पुढच्या दिवसांत मळ्यांवरचे स्वयंपाकी यायचे बंद झाले. मडमांच्या गाड्या पुलाच्या अलीकडूनच वळू लागल्या. मग आरोग्य खात्याचा इन्स्पेक्टर आला. त्यानं पोती उलथीपालथी केली, पीठ सांडलं, काही सापडलं नाही म्हणून अजूनच चिडला आणि मागच्या गटाराबद्दल दंड ठोकून गेला.

"जाऊन हात जोड त्या ट्रेंबाथला," वालजी म्हणाला. "पाण्यात राहून माशाशी वैर?"

"तुम्ही जोडा. तुमचे हात रिकामेच असतात."

वालजी त्या दिवशी जेवला नाही. तिनंही त्याला बोलावलं नाही.

मक्याची कणसं वाळली तेव्हा मात्र वारं फिरलं. कलकत्त्याचं बारदान मोंघीबेननं पावसाळ्यातच मागवून ठेवलं होतं. ट्रेंबाथ भाव उतरायची वाट बघत बसला आणि त्याच्या बारदानाची जहाजं मोंबासात उशिरा लागली. सगळ्या जिल्ह्यात पीक उभं आणि पोतं नाही.

"दुप्पट भाव लाव!" वालजीचे डोळे चमकले.

"भाव तोच."

दुकानात माल उचलणारा, हिशेबाला पक्का असा गाथोगो नावाचा तिथल्याच किकुयू जमातीचा माणूस होता. त्याच्याकडून तिनं पत्र्यात अक्षरं कापून घेतली. दोघांनी मिळून प्रत्येक पोत्यावर निळीचा ठसा उमटवला: 'जीवराज वशराम, पुलापलीकडे. उंदीर नाहीत.'

पहिली गाडी आली ती मिसेस ऑगिल्वीची. तिनं पोतं उलगडलं आणि तिचा चेहरा लालबुंद झाला.

"हे काय लिहिलंय?"

"आमची जाहिरात. पेपरात जागा नाही म्हणाले."

"मी असली पोती नेणार नाही."

"नका नेऊ. मका ओंजळीत घेऊन जा स्टेशनवर."

बाईनं दात-ओठ खात पोती नेली. मग सगळ्यांनीच नेली. काहींनी ती उलटी करून शिवली, पण नीळ आरपार गेली होती. अक्षरं उलटी का होईना, दिसायचीच.

स्टेशनच्या फलाटावर त्या पोत्यांच्या थप्प्या लागल्या. गाथोगो उरलेलं बारदान पोचवायला गेला होता, तेवढ्यात ट्रेंबाथ तिथं आला. त्यानं आधी गाथोगोच्या पाठीवर छडी ओढली, एकदा नव्हे, छडी मोडेपर्यंत. मग खिशातला चाकू काढून समोरची पोती फाडत सुटला. मका फलाटावर, रुळांवर ओतला गेला. तो मका होता ऑगिल्वीचा, भांडाराच्याच सभासदाचा. ऑगिल्वी धावत आला आणि त्यानं ट्रेंबाथच्या नाकावर ठोसा हाणला. दोन गोरे मक्यात लोळताना सगळ्या स्टेशननं पाहिले.

पिल्बीमला ती बातमी छापावीच लागली. छापली नसती तर ऑगिल्वीनं त्याला सोडलं नसतं. छापली म्हणून ट्रेंबाथनं भांडाराची जाहिरात काढून घेतली. मग पिल्बीम टोपी हातात घेऊन पुलापलीकडे आला.

"अर्धं पान देतो. निम्म्या दरात."

"पहिलं पान. आणि वर लिहायचं, आधी छापलं ते खोटं होतं."

"ते मला जमणार नाही."

"मग दारातून बाजूला व्हा, गिऱ्हाईक अडतंय."

गिऱ्हाईक म्हणावं असं खरं तर कुणीच नव्हतं. मळेवाले बारदान घेऊन गेले, पण साखर-मीठ घ्यायला थोडेच परतले; तेही स्वयंपाक्याला मागच्या दारानं पाठवून. वालजीनं आपला वाटा उचलला आणि किसुमूला निघून गेला. जाताना म्हणाला, "तू जिंकलीस म्हणतेस, पण दुकान बघ."

पाठ बरी होऊन गाथोगो आला तो कामाला नव्हे.

"डॉक्टरचे पैसे मी दिले ना?" मोंघीबेन म्हणाली.

"दिलेत. पण बाई, ठसा तुमचा, भांडण तुमचं आणि छडी माझ्या पाठीवर. त्यानं मारलं तेव्हा तुम्ही पोलिसात गेलात?"

"गोऱ्यावर तक्रार कोण लिहून घेतो?"

"गेलात का, एवढंच विचारतोय."

 पोती किती गेली, किती फाटली याची चौकशी तिनं त्याच दुपारी केली होती. गाथोगोची चौकशी केली दुसऱ्या दिवशी.

"मी बाजारात माझं दुकान मांडतोय," गाथोगो म्हणाला. "मीठ, साखर, काडेपेट्या. आमची माणसं माझ्याकडून घेतील. मला घाऊक भावानं माल द्या."

"माझंच मीठ माझ्याच तोंडासमोर विकणार? लाज वाटते का?"

"नाही वाटत. नसेल द्यायचा तर ट्रेंबाथकडे मागतो."

"तो देईल तुला? कुत्री सोडेल अंगावर!"

"मग तुम्ही द्या."

 रागानं मोंघीबेनचे कान तापले होते. शिव्या ओठांवर आल्या होत्या, त्यातल्या दोन तिनं दिल्याही. गाथोगो हलला नाही.

"उधारी नाही," शेवटी ती म्हणाली. "एक सेंटसुद्धा नाही."

"मागितलीय कुणी?" म्हणत त्यानं कनवटीची गाठ सोडली, आणि ती मिठाचं पोतं ओढायला उठली.