मधल्या फटीतली खुर्ची

मित्रांनो, तुम्ही रोज माझ्या अंगाला दप्तर घासत जाता, पण माझ्याकडे पाहत नाही. त्यात तुमचा दोष नाही. मी एक जुना, घडीचा लाकडी पडदा आहे. विद्यापीठातल्या परकीय भाषांच्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या लांबलचक दालनाच्या मधोमध मी उभा आहे. माझ्यामुळे एका दालनाचे दोन वर्ग झाले. लोक मला पार्टिशन म्हणतात. मला मात्र सुताराने दिलेले नाव आवडते. तो मला पडदा म्हणायचा, आणि पडदा कधीतरी बाजूला सारता येतो.

माझा जन्म मोडक्या बाकांच्या फळ्यांपासून झाला. माझ्या अंगावर कर्कटकाने कोरलेली नावे आणि बदाम अजून दिसतील. म्हणजे जन्माला येण्याआधीच मी पुष्कळ तास मुकाट्याने ऐकले होते. सुताराने त्या फळ्यांना वरवर रंधा मारून, बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडून, खाली चाके लावून मला उभे केले. काम झकास झाले. चूक एकच झाली. खिडकीकडच्या भिंतीला एक लोखंडी कपाट टेकलेले होते आणि सुताराने माप भिंतीपासून न घेता कपाटापासून घेतले. पुढे कपाट हलवले, तर माझी शेवटची फळी आणि भिंत यांच्यामध्ये एक खुर्ची मावेल एवढी फट! सुताराने कपाळावर हात मारला. “येतो एकदा आणि बुजवून टाकतो,” म्हणाला. तो काही आला नाही. त्याचे माझ्यावर फार उपकार आहेत.

माझ्या एका अंगाला स्पॅनिशचा वर्ग भरायचा आणि दुसऱ्या अंगाला जर्मनचा. स्पॅनिशच्या बाई आल्या की आधी खिडक्या उघडत. त्यांच्या तासाला कोणी दुकानदार होई, कोणी गिऱ्हाईक, आणि खोट्या टोमॅटोंवरून खरी भांडणे होत. जर्मनचे सर स्वतः फळा पुसत, त्यावर फडके फिरवत, आणि मगच खडू उचलत. त्यांचा आवाज इतका हळू की मलाही कान टवकारावे लागत. एकदा त्यांची परीक्षा चालू असताना पलीकडे हशा पिकला. सर कोणाला तरी म्हणाले, “तिकडे शिकवत नाहीत, बाजार भरवतात.” आता मी पडलो लाकडाचा. माझ्या पोटात काय राहणार? बाईंनी ते जसेच्या तसे ऐकले. त्या दिवसापासून दोघांचे बोलणे बंद झाले. खडूचा डबा हवा असला तरी निरोप शिपाईमामांच्या हाती जायचा, आणि मामा तो तोंड अगदी गंभीर करून पोचवायचे.

अशी कितीतरी वर्षे गेली. ऐकून ऐकून मला दोन्ही भाषा समजू लागल्या. पण फळ्याशी उभे राहून ‘तू सांग बघू’ असे मला कोण म्हणणार? मुले शिकत, हसत, निघून जात. मी तिथेच. वाईट वाटायचे, खोटे कशाला सांगू?

मग ती आली. दोन्ही भाषा एकदम शिकायला घेतलेली त्या वर्षीची ती एकटीच मुलगी. सकाळी स्पॅनिश आणि दुपारी जर्मन. बाकीची मुले तिला ‘दोन्हीकडची’ म्हणत. ती कुणी फार हुशार नव्हती, पण चिवट होती. सकाळचे टोमॅटो दुपारी जर्मन सरांपुढे ठेवायची, म्हणजे त्यांच्या प्रश्नाला स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायची आणि मग जीभ चावायची. सर म्हणत, “बाजार सकाळीच उठला, आता घरी या.” ते चिडत नव्हते. मला तर वाटते, त्यांना ते आवडायचे.

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या फटीत येऊन उभी राही, कारण फोनला रेंज तिथेच मिळे. फोन तिच्या आईचा. आई कपडे शिवायची. बोलता बोलता शिवणयंत्राची खडखड ऐकू येई. या बोलण्यातूनच मला घरची हकीकत कळली. मोठी ताई लग्न करून स्पॅनिश बोलणाऱ्या देशात गेली होती आणि दादा नोकरीसाठी जर्मन बोलणाऱ्या देशात. ताईला मुलगा, दादाला मुलगी. दोन्ही नातवंडे आजीचा फोन आला की धावत घेत, पण आजीची भाषा एकालाही येत नव्हती. दादा म्हणे, शिकवू, जरा वेळ मिळू दे. ताईला तर आता स्वतःलाच आपल्या भाषेतले शब्द शोधावे लागत. म्हणून घरात उरलेल्या या धाकटीने हा विडा उचलला होता. रविवारी ती आईशेजारी बसे आणि इकडचे तिकडे, तिकडचे इकडे सांगे.

दुसऱ्या वर्षी वेळापत्रक बदलले. दुपारी ती इमारत दुसऱ्या विभागाला दिली गेली आणि स्पॅनिश, जर्मन दोन्ही सकाळी, एकाच वेळी आले. विभागप्रमुखांनी मुलीला बोलावून सांगितले की सोमवारपर्यंत एक भाषा ठेव आणि एक सोड. नियम तसा होता, त्यात त्यांना काही गैर दिसले नाही.

त्या दिवशी तास सुटल्यावर ती फटीत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

“आई, एकच भाषा ठेवता येईल म्हणतात,” ती म्हणाली.

यंत्राची खडखड थांबली. “मग?”

“मग काय? कुणाशी बोलायचं आणि कुणाशी नाही, ते तूच सांग.”

“असं कसं सांगू गं? दोघंही माझीच.” पलीकडे कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. “मागच्या रविवारी तू घरी नव्हतीस ना, तेव्हा ताईच्या मुलाचा फोन आला होता. मी हसले. तोही हसला. मग परत मी हसले. नुसतं किती वेळ हसायचं? शेवटी त्यानेच ठेवून दिला.”

मुलीने डोके माझ्या फळीला टेकवले. ती डोळे पुसत होती ते मला कळत होते. मित्रांनो, त्या वेळी मला हात असते तर! पण लाकडाला बिजागऱ्या असतात, हात नसतात.

तिने बाईंना सांगितले, मग सरांना सांगितले. दोघांनीही शांतपणे ऐकून घेतले. सोमवार आला. तास सुरू झाले, पण ती दोन्हीकडे दिसेना. माझा जीव टांगणीला लागला. इतक्यात शिपाईमामा आले आणि नेहमीसारखे एका वर्गात न शिरता थेट माझ्या फटीत उभे राहिले.

“आज निरोप दोघांनाही एकच आहे,” ते म्हणाले. “पोरगी खाली जिन्यात बसलीये. तिचं नाव स्पॅनिशमध्येही नाही, जर्मनमध्येही नाही. बाईंनी शनिवारी साहेबांना सांगून काढलं. सरांनीही शनिवारीच सांगून काढलं. साहेब आज गावाला. आता तिने कुठे बसायचं, ते तुम्हीच ठरवा.”

 मग एका बाजूने चपला वाजल्या आणि दुसऱ्या बाजूने बूट वाजले. दोघे माझ्या फटीपाशी समोरासमोर आले.

“तुम्ही का काढलंत?” बाईंनी विचारले.

“तुमच्याकडे ती हसते म्हणून,” सर म्हणाले. “म्हटलं, तिला तिकडेच राहू द्यावं. आणि तुम्ही?”

“तुमच्याकडे एक तास बुडला की गाडी पुन्हा रुळावर येत नाही. माझ्याशी काय, ती येता-जाताही बोलली असती.”

“मला विचारायचं तरी.”

“कसं विचारणार?”

सर हातातला खडू बोटांनी चोळू लागले. बाई पायांकडे बघत राहिल्या. शेवटी मामाच म्हणाले, “मी खुर्ची आणू का?”

ती खुर्ची माझ्या फटीत बसली आणि खुर्चीत ती मुलगी. तिचा एक कान स्पॅनिशकडे, दुसरा जर्मनकडे. पण दोघे एकदम बोलू लागले तर तिला काय कळणार? त्यावर तोडगा निघाला तो माझ्या पाठीवर. बाईंना शिकवायचे असले की त्या माझ्यावर बोटांनी टकटक करत. मग पलीकडे सर मुलांना लिहायला देत. सरांची टकटक आली की इकडे मुले वाचायला बसत. गावाहून परतल्यावर विभागप्रमुख बघायला आले. खुर्ची नेमकी कोणत्या वर्गात धरायची, याचा त्यांनी वाकून पुष्कळ विचार केला आणि शेवटी दोन्हीकडे धरली.

मित्रांनो, ते माझ्या आयुष्यातले सोन्यासारखे दिवस. तोवर मी दोन वर्गांना वेगळे ठेवणारी वस्तू होतो. आता दोन्ही बाजूंची बोटे माझ्यावर वाजत आणि मी त्यांचा निरोप पोचवत असे. हळूहळू टकटक करायला तासाचे कारणही उरले नाही. कधी बाई सकाळी आल्या आल्या उगाच वाजवत. पलीकडून सर तसेच उत्तर देत. मामा म्हणत, “माझं काम गेलं,” आणि खुशीत असत.

मुलगी दोन्ही भाषांत पास झाली. शेवटच्या दिवशी तिने फटीत बसूनच आईला फोन लावला आणि नातू-नात दोघांनाही त्यावर घेतले. ते तिघे बोलत होते आणि ती मध्ये बसून तिन्हीकडचे सांगत होती. आजी नातवाला विचारत होती, दात पडला तो कुठे ठेवलास. पलीकडे खडखड नव्हती. आईने यंत्र बंद ठेवले होते. निघताना मुलीने माझ्यावर दोन्ही बाजूंनी टकटक केली आणि ती गेली.

मग सर निवृत्त झाले. दुसऱ्या दिवशी बाईंनी सवयीने माझ्यावर बोटे वाजवली. पलीकडच्या नव्या सरांना वाटले, उंदीर आहे. बाईंनी हात मागे घेतला आणि खिडक्या न उघडताच शिकवायला सुरुवात केली. पुढे त्याही गेल्या. वेळापत्रक सुधारले. कोणीतरी नीटनेटके माणूस आले आणि त्याने माझी फट नव्या गुळगुळीत फळीने बुजवली. माझ्या चाकांना गंज चढला. आता मला कोणी सरकवत नाही. मुले कानात काहीतरी घालून आपापली भाषा ऐकतात.

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीत दार उघडले. आत आली ती माझी दोन्हीकडची. केसांत चार पांढरे, हातात आईचा हात. ती आता या दोन्ही भाषा शिकवते, हे त्यांच्या बोलण्यावरून कळले. आई हळूहळू चालत खिडकीपर्यंत आली आणि नव्या फळीवर तिने हात फिरवला.

“इथे बसायचीस?”

“इथेच.”

“केवढं शिकलीस गं माझ्यासाठी.”

“अजून येतं की सगळं. लाव बघू फोन.”

“मोठी झाली आता दोघं,” आई म्हणाली. “त्यांना कामं असतात. मागच्या वर्षी केव्हातरी आला होता ताईच्या मुलाचा. तू नव्हतीस.” तिने पदर सावरला. “आता तो नुसता हसला तरी चालेल गं.”

 मुलीने माझ्या जुन्या फळीवर बोटे वाजवली. पलीकडचा वर्ग रिकामा होता. मग तिने आईला वर्गातल्या एका खुर्चीवर बसवले, स्वतः वळसा घालून पलीकडे गेली आणि तिकडून वाजवले. आईने थकलेला हात उचलला आणि उत्तर दिले.

त्या गेल्या. त्यानंतर कोणी आले नाही. आता पुढच्या सुट्टीत मला काढून इथे पक्की भिंत बांधायची आहे, असे कानावर आले आहे. माझी तक्रार नाही. लाकूडच मी, कुठेतरी कामाला येईन. पण मित्रांनो, जाण्याआधी एक मागतो. मला तेल नको, रंग नको. तुमची वाट बघत कोणी फोनजवळ बसले असेल, त्याला आज फोन करा. बोलायला भाषा नसेल तर हसा, पण लगेच ठेवून देऊ नका. आणि या वर्गात आलात तर जाता जाता माझ्यावर बोटांनी टकटक करा. पलीकडून उत्तर येणार नाही, हे मला माहीत आहे. तरी करा.