पाणी कुठलं घेतलं?

मी एक जुनी काचेची नळी आहे. खाली फुगीर पोट, पोटात शिशाच्या गोळ्या, वर पेन्सिलीएवढी बारीक मान आणि मानेत आकड्यांची कागदी पट्टी. मला घनतामापी म्हणतात. मित्रांनो, नाव जड आहे, काम मात्र सोपं: पाण्यात उभं राहायचं. खारं, दाट पाणी मला वर उचलून धरतं. गोड्या पाण्यात मी खोल उतरते. असं हलकेच डुलत राहिलं की मला पेंग येई, आणि पेंगेत कुठल्या कुठल्या पाण्यांची स्वप्नं पडत.

काच फुंकणाऱ्या एका म्हाताऱ्याने गाल फुगवले, म्हणून मला पोट आलं. त्याच्या भट्टीतून मला मोजणीकाकांनी आणलं. बंदरात येणाऱ्या मोठमोठ्या जहाजांचं वजन करणं हे त्यांचं काम. तुम्ही म्हणाल, एवढ्या धुडाला तराजू कुठून आणायचा? तराजू नसतोच. जहाज स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारतं. त्याच्या अंगावर पुढे, मध्ये आणि मागे आकडे रंगवलेले असतात. ते दोन्ही बाजूंनी वाचले की जहाज किती बुडालंय ते कळतं. पाणी किती दाट आहे ते मी सांगते. मग जहाजाच्या ठरलेल्या तक्त्यातून वजन निघतं.

काका होडीतून जहाजाला संथ प्रदक्षिणा घालत. लाटेने आकडे झाकले-उघडले की डोळे बारीक करून मधला आकडा धरत. घरी आल्यावर मला गोड्या पाण्याने धूत, मऊ फडक्याने पुसत. "हिच्या मानेला तेलकट बोट लागलं तरी रुसते हो ही," असं काकूंना सांगत. काकू म्हणत, "माझ्या मानेची कधी एवढी चौकशी केली नाहीत!" मी पेटीतल्या कापसात पडून हे सगळं ऐके. फार सुखाचे दिवस होते ते.

काकांचे गुडघे शिडी चढेनासे झाले, तेव्हा त्यांनी मला मुलीच्या हाती दिलं. सगळे तिला ताई म्हणत. तिचं एकटीचं पहिलं जहाज धान्याचं होतं. वर बावीस माणसं आणि घाई करणारा कप्तान.

"ताई, भरती ओसरायच्या आत निघायचंय. आणखी माल घेऊ की नको, तेवढं सांगा."

ताईने कठड्यावरून बादली सोडली, पाणी वर ओढलं आणि मला त्यात ठेवलं. मी खोल खोल उतरले. डोळ्यांपुढे दूरची एक नदी आली, काठावर गुरं, वर ढग. किती गोड स्वप्न होतं ते! पण आमचं बंदर तर खाडीच्या तोंडाशी, खाऱ्या पाण्यात; तिथे ही नदी कशी? मी आतून ओरडले. पण काचेला आवाज कुठला?

ताईने आकडा वाचला. "पाणी गोडं आहे. समुद्रात गेल्यावर जहाज वीतभर वर येईल. तीनशे टन आणखी चालेल."

कप्तान खूश झाला. धान्याचा झोत पुन्हा सुरू झाला.

ताई शिडीकडे निघाली आणि सहज खाली वाकून पाहताना थबकली. जहाजाच्या कुशीतल्या भोकातून पाणी धो धो पडत होतं. रिकामं जहाज तोल राखायला टाक्यांत पाणी भरून आणतं आणि माल चढतो तसं ते सोडून देतं. हे पाणी मागच्या बंदरातल्या नदीचं होतं. तिने बादली नेमकी त्याच धारेखाली सोडली होती.

गप्प राहिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण भर समुद्रात ते जहाज वर आलं नसतं, आणि पहिल्याच वादळात बावीस माणसांच्या जिवावर बेतलं असतं.

"थांबवा!" ती ओरडली. "चूक झाली. माझी."

"आता? सगळ्यांसमोर हो म्हणालात की!" कप्तान तापला.

"सगळ्यांसमोरच नाही म्हणतेय."

खलाशी हसले. ताईचे कान लाल झाले, पण ती दुसऱ्या बाजूला गेली. पृष्ठभागावरचं, मधलं आणि तळाजवळचं असं तीन ठिकाणचं पाणी तिने घेतलं. तिन्ही वेळा मी मान उंच काढून उभी राहिले. पाणी खारट होतं. जहाज कधीच पोटभर जेवलं होतं. उलट चाळीस टन उतरवावे लागले. भरती हुकली. कप्तान दिवसभर तिच्याशी बोलला नाही. आणि त्या गडबडीत मी कठड्यावर आपटले. मानेला तडा गेला.

संध्याकाळी तिने काकांना सगळं सांगितलं. त्यांनी मला मऊ फडक्याने पुसलं. मग म्हणाले, "नळी दुसरी मिळेल गं."

आता मी मोजणी शिकवणाऱ्या वर्गात टेबलावर असते. कामाला निरुपयोगी, अंगावर धूळ. कुणी विचारलं, "ही कशाने फुटली?" की ताई, केस पिकले तरी, ती दुपार पहिल्यापासून सांगते. स्वतःची चूक एका शब्दानेही कमी करत नाही.

मित्रांनो, काचेची उपकरणं धुऊन-पुसून ठेवा. मळलेली नळी खोटं सांगते. आकडा मिळाला तरी पाणी कुठलं घेतलं, ते एकदा विचारा. आणि चुकलात, तर लाज वाटेलच. वाटू द्या. पण जहाज धक्क्याला बांधलेलं आहे, तोवर सांगून टाका.