अंधाऱ्या खोलीतला ठेका

दवाखान्यात एक्स-रेच्या फिल्म धुवायच्या डार्करूमच्या दाराची कडी लागत नव्हती आणि सुतार "आज येतो, उद्या येतो" म्हणत होता. तोवर तिथे फिल्म धुणाऱ्या भाऊजींनी आपली सोय लावून घेतली होती. फिल्म उघडी असेपर्यंत ते आत भजन म्हणत. भजन चालू असेल तर दाराला हात लावायचा नाही. संपलं की खुशाल या. फिल्म डेव्हलपरच्या द्रावणात किती वेळ बुडवायची, तेही भजनावरच. शेवटचं कडवं झालं की फिल्म बाहेर. एक्स-रे काढणाऱ्या त्यांच्या वहिनी म्हणायच्या, "आमच्याकडे हाडंसुद्धा देवाचं नाव ऐकल्याशिवाय दर्शन देत नाहीत."

त्या सकाळी एक आजी प्रवासाची पिशवी घेऊनच आल्या. मनगट मोडलं होतं, आज प्लास्टर निघायचं होतं. संध्याकाळच्या गाडीने त्या लेकीकडे निघणार होत्या. लेकीला मुलगी झाली होती.

"या दगडाने नातीला कशी घेऊ?" प्लास्टर दाखवत त्या वहिनींना म्हणाल्या. "चांगला काढ गं बाई फोटो."

फोटो निघाला, धुतला गेला, आजी तो घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या आणि उतरल्या चेहऱ्याने परत आल्या. मागोमाग डॉक्टरीणबाई.

"मोडलं होतं तिथेच काळी रेघ दिसतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण बघा, ती हाडातून निघून थेट प्लास्टरवर गेलीय. हाडाची चीर हाडाबाहेर कशी जाईल? हे फिल्मवरचंच काहीतरी आहे. तरी हाड जुळलेलं स्वच्छ दिसल्याशिवाय मी प्लास्टर कापणार नाही. दुसरा काढा."

दुसरा काढला. त्यात पहिली रेघ गायब आणि अंगठ्यापाशी नव्या दोन!

"अगं बाई! माझं हाड आत फुगडी घालतंय की काय?" आजी म्हणाल्या खऱ्या, पण डोळे भरून आले होते.

वहिनींनी फिल्म उजेडाला धरली. "फिल्म ठेवायच्या कॅसेटमध्ये धूळ असती तर पांढरा ठिपका पडला असता. भाऊजींच्या नायलॉनच्या सदऱ्यातून ठिणगी उडाली असती तर झाडासारख्या फांद्या उमटल्या असत्या. ही तर नखाएवढी चंद्रकोर आहे. धुण्याआधी फिल्म वाकली की अशीच उमटते. भाऊजी, फिल्म वाकवता तुम्ही!"

"मी? अहो वहिनी, तान्ह्या बाळासारखी धरतो मी फिल्म."

"मग बाळाला चिमटे काढत असाल." वहिनींनी एक वाया गेलेली फिल्म त्यांच्या हातात दिली. "धरा, आणि म्हणा भजन. इथेच, आमच्यासमोर."

भाऊजींनी डोळे मिटले. पहिली ओळ अगदी शांत गेली. दुसऱ्या ओळीला बोटं जागी झाली आणि समेवर आली तेव्हा फिल्मच्या पोटाशी चांगला ठेका धरून बसली. फिल्म टपटप वाकत होती.

"डोळे उघडा," वहिनी म्हणाल्या.

भाऊजी आपल्याच बोटांकडे बघत राहिले, जणू ती शेजाऱ्याची होती.

त्यांनी बोटं आवरून पाहिली, तर शब्द अडले. "ठेक्याशिवाय मला पुढचं आठवतच नाही हो."

"मग गाऊ नका."

"आणि दार? कुणी आत आलं तर फिल्म ठार काळी! तुम्ही पहारा देणार?"

"बाहेर रांग बघा केवढी आहे. मी पहारा देऊ की फोटो काढू?"

"भांडू नका रे," आजी बाकावर बसत म्हणाल्या. "ठेकाच हवाय ना? मी धरते बाहेरून. तू आपला नुसता गा, बाळा." आणि त्यांनी प्लास्टरचा हात उगारला.

"त्या हाताने नाही!" डॉक्टरीणबाई ओरडल्या.

तिसरा फोटो निघाला. भाऊजी कॅसेट घेऊन आत गेले, भजन सुरू झालं आणि आजी चांगल्या हाताने बाकाच्या फळीवर ठेका देऊ लागल्या. रांगेतल्या माणसांच्या मानाही डोलू लागल्या. पण आजींचं चित्त गाडीकडे. हात हळूहळू धावायला लागला, त्यामागून भजनही.

"आजी, सावकाश!" आतून हाक आली. "कडवी लवकर संपली तर फिल्म कच्ची राहील!"

आजींनी डोळे मिटले. गाडी, पिशवी, लेक, सगळं देवावर सोपवलं आणि हात संथ केला. एकेक थाप जागच्या जागी पडू लागली. शेवटचं कडवं झालं, आत पाण्याचा आवाज झाला.

भाऊजी ओली फिल्म चिमट्यात धरून बाहेर आले. एकही कोर नव्हती. डॉक्टरीणबाईंनी ती उजेडाच्या काचेवर लावली, नाक टेकेल इतक्या जवळून पाहिली आणि म्हणाल्या, "छान जुळलंय. चला वर."

प्लास्टर कापलं तेव्हा आतून सुरकुतलेलं, पांढरंफटक मनगट निघालं.

"सध्या जड काही उचलायचं नाही," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. "नातीला मांडीवर घ्या, पण उचलून द्यायचं काम लेकीचं."

"घेईन हो तशीच." आजींनी कोपर पोटाशी लावून हात बाळाखाली धरल्यासारखा वाकवून पाहिला. मनगट कुरकुरलं, पण वाकलं. त्यांनी दुसऱ्या हाताने पिशवी उचलली आणि गाडीला अजून बराच वेळ असूनही त्या तरातरा जिना उतरू लागल्या.